पल्लवीचे थोरले आणि धाकटे

शुद्धलेखनाच्या चुका असतील, आणि अक्षर म्हणजे कुत्र्यामांजराचे पाय. माफ करा. माझी शाळा चौथीत सुटली. तोंडाने बोलायला मी लाजते, म्हणून लिहिते.

माझी धाकटी जाऊ पल्लवी लॅपटॉपशी भांडते. भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून ती वेबसाइटी बनवते. शेजारी दोन फोन. एकच पान दोन्हींत उघडायचं आणि फरक शोधायचा. त्यातल्या दोन ब्राउझरना ती थोरले आणि धाकटे म्हणते, जणू दीरच. गिऱ्हाइकाचं नाव आपोआप भरलं की थोरले ती चौकट पिवळी करतात. "अहो थोरले, पांढरी सांगितली होती ना!" ती खरंच ओरडते. दोघांना एकाच ओळीत हुकूम दिला, तर दोघेही अख्खी ओळ सोडून देतात. "प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं गं, ताई!" हे दिवसातून दहादा.

सासूबाई चाळभर सांगतात, "आमची पल्लवी संगणकार काम करता, हां!" मी रोज साठ घावणे काढून विकते, ते नाही सांगत. माझा नुसता जळफळाट होतो.

घावण्यांच्या ऑर्डरीचं पानही तिनेच बनवलं. फुकट म्हणाली. मी म्हटलं, "बाहेरच्यांकडून आठ हजार घेतेस ना? तेवढेच देईन, हप्त्याने." जिचं देणं आहे तिच्याशी भांडता येत नाही. मला सगळं फेडून एकदा तिला मनातलं ऐकवायचं होतं.

तोंडी आलेल्या ऑर्डरी मी त्याच पानावर भरायचे. माझ्या जुन्या फोनात धाकटे. चौकटीतलं 'इथे नाव लिहा' इतकं फिकं, की फोन खिडकीशी धरावा लागे. पण तिच्यापुढे कमीपणा कोण घेणार? तशीच भरत राहिले.

एके दिवशी तीच अक्षरं काळीभोर.

"हे तू केलंस?"

"हो. आधी घाईत दोघांना एका ओळीत घातलं, वाट लागली. मीच घातलं, काय सांगू! मग धाकट्यांना वेगळं लिहिलं. दुपार गेली."

"गिऱ्हाइकांसाठी?"

"गिऱ्हाइकांत धाकटे कोणाकडेच नाहीत, ताई. फक्त तुझ्याकडे."

"एका माणसासाठी अख्खी दुपार?"

"मग काय! माझं कौतुक सगळे करतात, पण मी करते काय, ते कोणी बघत नाही. तू जळतेस, म्हणजे बघतेस तरी."

माझे कान तापले. तव्यावरचा घावणा करपला.

काल शेवटचे पाचशे दिले. ऐकवायचं ठरवलेलं सगळं ओठांशी होतं. पल्लवीने नोटा मोजल्या, "आठ हजार पुरे फिटले," म्हणाली, आणि लॅपटॉप मिटून, 'बोल आता' म्हणावं तशी माझ्याकडे बघत उभी राहिली.