सिल्व्हर पार्कची ललकारी, अर्थात चौथ्या मजल्याची मोहीम

श्री. ज्या गादीस आता मुलूख नाही, फक्त दोन बेडरूम आणि एक पार्किंग आहे, त्या गादीच्या चाकराचे वर्तमान पदरचे काही न घालता लिहावे, ऐसे मनी धरून हा मजकूर मांडिला. वाचणारांनी हसावे, त्यास मनाई नाही. मात्र शेवटपर्यंत वाचावे.

श्रावण मास, शनिवारचा दिवस. पेणकरपाड्याच्या मुक्कामी राजमान्य सहादेव, धामणखिंड संस्थानचे सातव्या पिढीचे चोपदार, भाईंदरच्या कारखान्यात स्टीलच्या भांड्यांस चकाकी देण्यात चाळीस वर्षे खर्ची घालून निवृत्त जाहलेले, चांदीचा दंड मांडीवर घेऊन चिंचेने घासत बसले, आणि कन्या साक्षी मोबाइलवर दृष्टी लावून बसली, मग चोपदारांनी आज्ञा केली की, ललकारी एकवार म्हणून दाखवावी. ललकारी तिला लहानपणापासून पाठ होती. मोठ्याने कधी म्हटली नव्हती. तिने अर्ज केला, "उद्या म्हणते ना, बाबा." मग चोपदारांनी दंड पुसून चादरीत गुंडाळिला, आणि डाळभात खाल्ला, आणि "पंखा दोनवर ठेव" हा अखेरचा हुकूम सोडून निजले, आणि सकाळी उठले नाहीत.

आता संस्थानचा रिवाज ऐसा. खासे श्रीमंत भूपेशराव राजे धामणखिंडकर, विमा कचेरीतून निवृत्त, सिल्व्हर पार्क, बी विंग, चौथा मजला, हे दसऱ्याचे दिवशी सोफ्यावर पांढरी गादी व लोड मांडून शेजारी उभे राहतात, आणि चोपदाराने दाराबाहेरून ललकारी दिल्याखेरीज बसत नाहीत. आणि ज्या दसऱ्यास चोपदाराच्या घरची ललकारी होणार नाही, त्या दिवशी दंड सरकारजमा. राजेसाहेबांचे दुखवट्याचे पत्र आले, त्यात डोळ्यांस पाणी यावे ऐसा मजकूर होता, आणि तळाशी रिवाजही होता. दंडाच्या मुठीवर चोपदारांच्या अंगठ्याने झिजून खळगा पडला होता. साक्षीने त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला, आणि कूच मुक्रर केले.

तिकडे सोसायटीने लिफ्टपाशी फर्मान डकविले की, मागील दसऱ्याची तक्रार आहे, सबब जिन्यात आरडाओरड सक्त मना. खाली सेक्रेटरी पूर्वी यांची सही. ही पूर्वी म्हणजे साक्षीची नववीतली मैत्रीण. त्या साली दसऱ्याच्या सुट्टीत दोघी पाणीपुरी खात उभ्या असता, लाल पगडी, जरीचा कमरपट्टा, हाती दंड, ऐसी सहादेवांची स्वारी रिक्षातून चालली, आणि स्वारीने हात केला. पूर्वीने पुसले, "ए, तो कोण गं? तुला हात करतोय." साक्षीने कळविले, "बँडवाला असेल कोणीतरी." आणि वर गेलेला हात हळूच खाली आला. त्या हाताविषयी घरी उभयपक्षी कधी बोलणे जाहले नाही.

असो. दसऱ्याचे सकाळी साक्षीने चादरीत गुंडाळलेला दंड खांद्यावर घेऊन सिल्व्हर पार्कची देवडी गाठिली. देवडीवर वॉचमन रवी नाकेबंदी करून होता. त्याने दंडाकडे पाहून आपणच निर्णय केला, "पाइप लाये हो? बी विंग का लीकेज?" साक्षीने मान हलविली. रवीने वहीत "प्लंबर" लिहून वाट दिली. येणेप्रमाणे पहिला नाका रक्ताचा थेंब न सांडता हाती आला; परंतु फत्तेचा आनंद ऐसा काही जाहला नाही.

लिफ्ट बंद होती. मग मजल्यामजल्यावर चपलांच्या स्टँडांची तटबंदी ओलांडीत, एका कुंडीचा मोड करून फौज, म्हणजे एकटी साक्षी, चौथ्या मजल्यास भिडली. आतून राणीसाहेब विमलाबाईंचा आवाज येत होता, "अहो, बसा आता! नऊपासून उभे आहात, गुडघ्याचा भोपळा झालाय."

"सहादेवच्या घरचं कोणी आल्याशिवाय नाही."

साक्षीने चादर सोडिली, तोच समोरचे दार उघडून खुद्द पूर्वी रणात उतरली.

"अय्या, साक्षी, तू? आणि हा दांडा? मागच्या वर्षी तो बँडवाला केवढा ओरडला, माहितीये? यंदा तुला पाठवलं? बेबी आत्ताच झोपलाय गं. धीरे से बोल ना, प्लीज."

मग साक्षीने तह केला, आणि ललकारी कुजबुजत दिली.

आतून हुकूम आला, "ऐकू आलं नाही. मी उभाच आहे."

तिने पुन्हा दिली, थोडी चढवून.

"अजून उभाच आहे!"

"अगं बाई, मोठ्याने म्हण!" राणीसाहेबांनी आतून कुमक धाडिली. "नाहीतर हे आडवेच होतील!"

मग साक्षीने मुठीच्या खळग्यात अंगठा रोविला, आणि दंड लादीवर तीन वेळा आपटला, आणि पोटाच्या तळातून हाक दिली, "निगा रखो! बा अदब! धामणखिंडीचे धनी, श्रीमंत भूपेशराव राजे गादीवर विराजमान होताहेत होऽऽ!" आणि डक्टमधली कबुतरे उधळली, आणि खाली एका स्कूटरचा अलार्म लागला, आणि समोरच्या घरात बाळाने टाहो फोडिला, आणि दाराआडून राजेसाहेबांचे "हुश्श" स्वच्छ ऐकू आले. मग दार उघडून, सोने म्हणून आपट्याचे पान देऊन फर्मावण्यात आले की, दंड चोपदारांचे घरी पिढीजात कायम.

परतताना देवडीवर पूर्वी बाळ खांद्यावर घेऊन पाठोपाठ उतरली आणि रवीस जाब पुसू लागली. रवी म्हणाला, "मॅडम, ये तो प्लंबर है!" साक्षीने त्याच्या हातून पेन घेतले, "प्लंबर" खोडून "चोपदार" लिहिले, आणि खाली सही केली. तात्पर्य, आश्विन शुद्ध दशमीस, मौजे सिल्व्हर पार्क, देवडीच्या वहीत फत्तेची नोंद जाहली, आणि बखर येथे पुरी व्हावी.

परंतु पूर्वीने वहीत डोकावून पुसले, "म्हणजे? तो बँडवाला तुझ्या ओळखीचा होता?"

तेव्हा साक्षीने, रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्यांनीही वळून पाहावे इतक्या आवाजात सांगितले, "बँडवाला नव्हता गं तो. तेव्हाही नव्हता. माझे बाबा होते ते."