एकटं राहण्यास हरकत नसल्याबाबत

कोणत्याही समाजाविषयीचा कोणताही निर्णय त्या समाजाला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, असा पेरू देशात कायदा आहे. कायदा चांगला आहे, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. म्हणूनच पिनारो नदीपलीकडच्या जंगलातल्या लोकांना कुणीही भेटायचं नाही हा निर्णय त्या लोकांना न विचारताच घेतला गेला आहे, हे जेव्हा लिमा येथील संबंधित समितीच्या ध्यानात आलं, तेव्हा समितीला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं त्यांना एकटं सोडलं आणि एका शब्दानं विचारलं नाही. हा सरळसरळ अन्याय होता. तो दूर करण्यासाठी त्यांना भेटून विचारायचं ठरलं.

झोइला पाकायाला ही बातमी वायरलेसवर कळली. झोइला नदीच्या अलीकडच्या काठावरच्या शेवटच्या चौकीची राखणदार. पन्नाशीची, अंगानं भरलेली, आणि आपण काठावर उभं राहिल्याशिवाय ही नदी वाहायची नाही अशी पक्की समजूत असलेली. चौकी म्हणजे चार खांबांवर ताडपानांचं छप्पर, आत वायरलेस, बाहेर 'पुढे जाण्यास मनाई' अशी पाटी. पाटी सरकारी असल्यामुळे ती फक्त पुढे न जाणारेच वाचत.

पलीकडच्या लोकांना सरकारी भाषेत 'स्वेच्छेने अलिप्त' म्हणतात. झोइलाच्या यिने लोकांत त्यांना नोमोले म्हणतात, म्हणजे भाऊबंद. आणि ते खरंच भाऊबंद होते. रबराचा चीक काढायला माणसं धरून नेणाऱ्या रबरवाल्यांच्या बंदुका आल्या तेव्हा काही जण जंगलात आत पळाले, काही पळाले नाहीत. पळाले त्यांची नातवंडं अजून आतच आहेत. पळाले नाहीत त्यांची नातवंडं चौकीवर पगार घेतात. वाटणी झाली तरी देणंघेणं सुटत नाही, म्हणून यिने लोक पलीकडच्या काठावर केळीची बाग लावतात आणि घड पिकले की तिथं फिरकत नाहीत. झोइला फक्त या काठावरून ओरडून सांगते, "केळी पिकलीत." कधीकधी जोडीला गावात कुणाची मुलगी कुणाबरोबर पळाली तेही सांगते. तेवढं चालतं, असं तिचं मत होतं. नोमोले रात्रीतून घड नेतात. आणि कुणीच जवळ यायला नको असलं, की वाटेवर दोन काठ्यांची फुली घालून ठेवतात. तिचा अर्थ यिनेंच्या रांगत्या पोरालाही कळतो.

"त्यांनी सांगून टाकलंय," झोइला वायरलेसवर म्हणाली. "वाटेवर फुली घातलीय."

"लेखी?"

"काठ्यांची."

"काठ्यांवर सही आहे?"

"काठ्यांवर मुंग्या आहेत."

लिमानं थोडा वेळ विचार केला. "मग आम्हालाच यावं लागेल," लिमा म्हणालं.

नदी आटून वाळू उघडी पडली होती, तेव्हा समिती आली. समितीचे प्रमुख कायद्याचे डॉक्टर एवारिस्तो ओलाएचेआ. होडीतून आधी त्यांची शिंक उतरली, मग ते. त्या दिवसांत लिमात महिनोन्महिने धुकट भुरभुर असते आणि सगळं शहर नाक पुसत हिंडतं, तसेच ते गळ्याला मफलर लावून आले होते. त्यांच्याबरोबर मायते उर्रुनागा नावाच्या अभ्यासक बाई होत्या. अलिप्त लोकांकडे कुणीही पाहू नये, या विषयावर त्यांनी बऱ्याच देशांत भाषणं दिली होती. त्यांच्या गळ्यात हातभर लांब नळीचा कॅमेरा होता.

"हा कशाला?" झोइलानं विचारलं.

"मला फक्त एकदा पाहायचंय," मायतेबाई म्हणाल्या. "म्हणजे पाहू नये, हे मला जास्त ठामपणे सांगता येईल."

झोइलानं त्यांचं बोलणं सोडून डॉक्टरांच्या नाकाकडे पाहिलं. तिची आई लहानपणी नोमोलेच होती. कुणा भल्या माणसानं काठावर पातेली आणि कुऱ्हाडी मांडून हाका मारल्या होत्या आणि आईच्या घरची सगळी माणसं बाहेर आली होती. भला माणूस भलाच होता, फक्त शिंकत होता. पावसाळा लागेपर्यंत एवढ्या कुटुंबातून आई आणि एक कुऱ्हाड उरली.

"डॉक्टरसाहेब, तुम्हाला सर्दी झालीय," ती म्हणाली. "त्या लोकांना सर्दी सोसत नाही. मरतात."

"ही सर्दी नव्हे, लिमाची हवा आहे," डॉक्टर म्हणाले. "माझ्याजवळ तंदुरुस्तीचा दाखला आहे." आणि ते दाखल्यावर शिंकले.

"दाखला धडधाकट दिसतो," होडी बांधता बांधता झोइलाचा चुलतभाऊ लिओनसिओ म्हणाला. "ताई, तोच एकटा पलीकडे पाठवू या."

डॉक्टरांना विनोद कळला, पण नियम जास्त कळत होता. त्यांनी समजावून सांगितलं की विचारणा झालीच पाहिजे. ती कोरड्या दिवसांत झाली नाही, तर पलीकडे कुणी नाही असं धरलं जाईल, आणि कुणी नसलेलं जंगल रिकामं ठेवण्याचं सरकारला कारण उरणार नाही. नदीच्या वरच्या अंगाला लाकूडवाल्यांच्या करवती येऊन थांबल्याच होत्या. म्हणजे डॉक्टर पलीकडे गेले तर सर्दी जाणार, आणि न गेले तर करवती. भाऊबंदांना जगवायचं तर यांतलं काहीच पलीकडे जाता कामा नये, हे झोइलाला स्वच्छ दिसत होतं. कसं, ते दिसत नव्हतं.

"आधी इथूनच विचारून पाहा," ती म्हणाली. डॉक्टरांना वाळूत खुर्ची मांडून दिली. समितीनं सोबत कर्णा आणला होता. डॉक्टर उभे राहून वाचू लागले, "प्रजासत्ताकाच्या वतीने आपणांस विचारणा करण्यात येते की आपल्या अलिप्ततेच्या सद्यःस्थितीत सातत्य राखणे आपणांस अभिप्रेत आहे किंवा कसे, याबाबत आपले मुक्त व पूर्ण माहितीअंती बनलेले मत आपण व्यक्त करावे."

झोइलानं यिनेत सांगितलं, "भावांनो, हे लिमाचे आहेत. बाहेर येऊ नका."

"एवढंच?"

"आमच्याकडे कागद कमी, साहेब. थोडक्यात बोलतो."

डॉक्टरांना शंका आली. त्यांनी प्रश्न सोपा करून दिला आणि लिओनसिओकडून वदवून घेतला: तुम्हाला एकटं राहायचं आहे का? झाडांतून काही हललं नाही. मायतेबाई कॅमेऱ्याची नळी पुढे करून बसल्या होत्या, त्यांचा हात भरून आला. मग पलीकडून एक बाण आला आणि डॉक्टरांच्या खुर्चीच्या पायाशी वाळूत उभा राहिला. बाणाला टोक लावलेलं नव्हतं.

"आलं उत्तर," झोइला म्हणाली.

"आलं हे मान्य," खुर्चीमागून डॉक्टर म्हणाले. "पण काय आलं? प्रश्न असा होता की एकटं राहायचं आहे का. त्यावर बाण. बाण म्हणजे हरकत. अर्थात एकटं राहण्यास त्यांची हरकत आहे."

"साहेब, बाण तुमच्यावर होता."

"मी केवळ विचारणारा. बाण प्रश्नावर होता."

"आणि बोथट आहे," मायतेबाई हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "ही संवादाची इच्छा आहे."

"फारच इच्छा असती तर टोक लावलं असतं," लिओनसिओ म्हणाला.

हरकत नोंदली गेल्यामुळे समक्ष सुनावणी आवश्यक झाली. उद्या सकाळी पलीकडे जायचं, असं डॉक्टरांनी जाहीर केलं आणि ते मच्छरदाणीत शिरून शिंकत राहिले.

"इंजिनात वाळू घालू का, ताई?" लिओनसिओनं विचारलं.

"वाळू धुऊन निघते," झोइला म्हणाली. "याच्या डोक्यात काहीतरी घालायला पाहिजे. तिथून काही निघत नाही."

सकाळी तिनं समितीपुढे उकडलेला कसाव्याचा कंद आणि भाजलेला मासा ठेवला. त्याच कंदाची मासातो नावाची दारूही ठेवली होती, पण ती कंद चावून, थुंकून आंबवतात असं लिओनसिओनं न विचारताच सांगितल्यामुळे ती तशीच राहिली.

"डॉक्टरसाहेब, एक अडाणी शंका आहे," झोइला म्हणाली. "तुम्ही पलीकडे जाताय ते त्यांना विचारायला."

"अर्थात."

"पण विचारायला जायचं की नाही, हा पण एक निर्णयच झाला ना? त्यांच्याबद्दलचा?"

डॉक्टर मासा खायचे थांबले.

"मग तो त्यांना विचारून घेतलाय का?"

डॉक्टर मूर्ख नव्हते. कायद्याचे डॉक्टर होते. त्यांच्यापुढे एकदम एक भोवरा उघडला आणि त्याला तळ नव्हता. विचारण्याआधी, विचारावं का हे विचारायला हवं. ते विचारण्याआधी, तेही विचारायला हवं. आणि हे सगळं विचारून होईपर्यंत कायद्यानं काहीही बदलता येत नाही. जंगल राखीव ते राखीव, करवती जिथल्या तिथं, आणि समितीला मुदतवाढ. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर प्रथमच रंग आला.

"बाई, तुम्ही कायदा शिकायला हवा होता," ते म्हणाले.

झोइला फुगली. इथं गप्प बसली असती, तर ही गोष्ट इथंच चांगली संपली असती. पण पाहुणे लवकर होडीत बसावेत म्हणून, आणि खरं तर आपली हुशारी आपल्यालाच आवडल्यामुळे, ती आणखी एक वाक्य बोलली.

"आणि साहेब, तोवर हात रिकामे असतील तर बाकीच्यांना विचारा की. या लोकांबद्दल अख्ख्या जगाला मत आहे. नोमोलेंनाच तेवढं नाही."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. समिती गेली. झोइलानं पुढचे कित्येक दिवस गावातल्या घराघरांत जाऊन लिमाला कसं पाण्यात बुडवलं ते सांगितलं. दर घरी डॉक्टर थोडे जास्त घाबरत होते. पलीकडे केळी पिकत होती आणि रात्रीत नाहीशी होत होती.

मग समितीनं जगाला विचारलं: अलिप्त समाजांना एकटं सोडावं काय?

प्रतिसाद समितीलाही झेपला नाही. लिमातल्या पाववाल्यांनी मतं दिली, माद्रिदच्या निवृत्त शिक्षिकांनी दिली, नॉर्वेतल्या एका भजनी मंडळानं सगळ्यांनी मिळून एकच दिलं. जवळजवळ सगळ्यांचं मत एकच होतं: सोडावं. तपशिलात थोडाफार फरक होता. काहींना त्यांना शाळेसह एकटं सोडायचं होतं. काहींनी स्वेटर पाठवण्यासाठी पत्ता विचारला होता. लाकूडवाल्यांच्या संघटनेनंही आदरपूर्वक कळवलं, की एकटं जरूर सोडावं, फक्त जरा पलीकडे सोडावं.

हे सगळं छान झालं. अडचण एवढीच की एखाद्या समाजाबद्दल गोळा केलेली मतं त्या समाजाला कळवली पाहिजेत, असाही नियम आहे. ती न कळवणं म्हणजे त्यांना अंधारात ठेवणं.

पुढच्या होडीतून मतांची पोती आली. मागच्या होडीतून मोठा कर्णा, त्याचं इंजिन आणि देखरेखीसाठी मायतेबाई आल्या. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत झोइलानं काठावर बसून सर्व मतं यिनेत वाचून दाखवायची, रविवारी सुट्टी, असं ठरलं. सोपं करून सांगायला मनाई होती. या वेळी मायतेबाई यिने शिकून आल्या होत्या.

"माद्रिदहून," झोइलानं वाचलं. पलीकडच्या झाडांवरून पोपटांचा थवा उठला. "तुमच्या शांततेबद्दल मला अतिशय आदर वाटतो. तुमची शांतता भंग होऊ नये म्हणून मी आवाज उठवत राहीन."

दुसरं मत एका मुलाचं होतं. त्यानं माकडाचं चित्र काढलं होतं. चित्र कसं वाचायचं, यावर लिमाशी बोलणं झालं. चित्राचं वर्णन करावं, असं ठरलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी झोइलानं कर्ण्याचं बटण बंद ठेवून नुसते ओठ हलवायला सुरुवात केली. मायतेबाई उठून आल्या आणि त्यांनी बटण चालू केलं. "पलीकडे पोचत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "लोकांनी मनापासून लिहिलंय."

पलीकडच्या बागेत घड काळे पडले. मग त्यांवर माश्या बसल्या. लिओनसिओ होडी नदीच्या मध्यावर ठेवून वाळू पाहून आला.

"एक पाऊल नाही, ताई. जुनीसुद्धा पुसलीत."

"कुणीकडे गेले असतील?"

लिओनसिओनं मान नदीच्या वरच्या अंगाला वळवली. तिकडे करवती होत्या. भर कर्ण्यात त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता.

झोइलानं कर्ण्याचं बटण बंद केलं आणि ती मायतेबाईंकडे वळली. "पुरे आता. त्यांना नको आहे हे दिसतंय तुम्हाला."

मायतेबाईंनाही दिसत होतं. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी लगेच वायरलेस घेतला, लिमाला सगळं सांगितलं, आणि डॉक्टर ओलाएचेआंचं म्हणणं परत सांगितलं. "ते म्हणतात, वाचन थांबवणं हाही त्यांच्याबद्दलचा निर्णयच आहे. तो त्यांना विचारल्याशिवाय घेता येत नाही. हा मुद्दा मुळात तुमचाच होता म्हणे. त्यांनी अभिनंदन सांगितलंय."

"आणखी काय सांगितलंय?"

"ज्यांचं मत द्यायचं राहिलं, ते फार नाराज आहेत. म्हणून मुदत वाढवलीय."

लिओनसिओनं नवं पोतं सोडलं. झोइलानं दोन्ही हातांचा कर्णा करून, नुसत्या गळ्यानं पलीकडे ओरडून पाहिलं, "केळी पिकलीत."  पलीकडून बाणही आला नाही.

मग ती बसली आणि तिनं बटण दाबलं.

पोती अजून येत आहेत. इथवर वाचत आलात म्हणजे या प्रश्नावर तुमचंही मत बनलंच असणार, आणि ते त्या बिचाऱ्यांच्या बाजूचंच असणार, याबद्दल झोइलाला शंका नाही. पाठवाल तेव्हा दोन ओळींत पाठवा, एवढीच तिची विनंती आहे. मोठ्यानं वाचावं लागतं.