न मोडलेली नोट

आमच्या तलवाड्याचे विश्वंभरआप्पा कुठल्याही वस्तूची किंमत टँकरमध्ये सांगतात. यंदाच्या दुष्काळात ही सवय अख्ख्या गावाला लागली आहे. आप्पांना मात्र ती जर्मनीत लागली.

तीन वर्षांपूर्वी, मागच्या दुष्काळात, ते मुलीकडे, सुरेखाकडे, महिनाभर गेले होते. "साधी कॉफी, माधवराव, पाव टँकर!" आल्या आल्या त्यांनी मला सांगितलं. मी हिशेब करून पाहिला. कॉफी दोन युरो, युरो पंचाहत्तरला, आपला टँकर सहाशेला. बरोबर पाव.

आप्पा सहकारी पतसंस्थेत तीस वर्षं रोखपाल होते. सुरेखानं तिथं त्यांना कार्ड दिलं, तर म्हणाले, "ह्यात पैसे हायत हे मोजलं कुणी?" कार्ड बंडीच्या खिशात गेलं, खिशाला टाचणी लागली. युरोच्या नोटांनाही त्यांनी संस्थेतल्यासारखी टाचणी मारली. दुकानातल्या बाईच्या बोटाला ती टोचली. मागं रांग खोळंबली. आप्पा तिला मराठीत बजावत होते, "मोजून घ्या, मोजल्याबिगर हात काढू नका."

एकदा ते एकटेच बाजारात गेले. परतताना बसच्या तिकिटाचं यंत्र रोख घेईना. कार्ड बंडीत, बंडीवर सदरा, सदऱ्यावर स्वेटर, वर कोट. "चारचौघांत कपडे काढू कावून?" आप्पा सहा किलोमीटर बर्फातून चालत निघाले. सुरेखा दोन तास हुडकत फिरली. सापडल्यावर रस्त्यातच रडली. "आप्पा, माझे पैसे तुमाला परके वाटतेत का?"

यावर आप्पा काय बोलले, ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात मी पुण्याला निघालो होतो. आप्पांची चाळीस मोसंबीची झाडं वाळायला लागलीत, हे रोज बघतोय. म्हटलं, "उरलेले युरो द्या, मोडून आणतो." त्यांनी वीस-वीसच्या चार नोटा दोनदा मोजल्या आणि तीनच दिल्या.

"चौथी?"

"ती ऱ्हाऊ द्या."

"आप्पा, आता युरो ऐंशीला, टँकर आठशेला. दोन टँकर होतेत!"

"मला हिशेब शिकवता व्हय?"

त्यांनी नोट पुढं केली. टाचणी नव्हती, दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली होती. रोखपालाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं : 'बसथांबा ते सुरेखाचं घर. टॅक्सी.'

"पुढच्या खेपेला ती कामात असली, न्यायला न्हाई आली, तर? पुन्हा हुडकत फिराया नको तिला."

"बोलावलंय का तिनं?"

"बोलवंल की." नोट त्यांनी जपून घडी केली. "ही बंडीत न्हाई ठेवायची. कोटाच्या वरच्या खिशात. मंजी स्वेटर काढाया नको."

बाहेर एप्रिलचं ऊन होतं. मी तीन नोटा मोजून खिशात घातल्या.