अँप्लिफायरची पत्रिका

आपण होऊन आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलून लावणारे दुकानदार पुण्यात पुष्कळ आहेत. पण पत्रिका जुळत नाही म्हणून हाकलणारा मी एकच पाहिला. आमचे केंजळे. स्वारगेटच्या मागच्या गल्लीत त्यांचं गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवण्याचं दुकान, शेजारी माझं सीट कव्हरचं. त्यामुळे हा तमाशा मी वीस वर्षं फुकट पाहतोय.

एखादा तरुण अँप्लिफायरचं खोकं मिरवत येतो. "काका, दोन हजार वॉट!"

"कोण म्हणतं?"

"खोक्यावर लिहिलंय की."

"लग्नाच्या बायोडेटात मुलगा निर्व्यसनी आहे असंही लिहिलेलं असतं. आपण चौकशी करतो ना?"

मग चौकशी सुरू. डिकीतला सबवूफर, म्हणजे तो छाती हादरवणारा मोठा स्पीकर, सतत किती वॉट पेलतो? अँप्लिफायर सतत किती देतो? ओहम किती? दोघांची माहिती एका कागदावर समोरासमोर मांडायची, ही पत्रिका. नाही जुळली तर "पुढचं स्थळ बघा." जास्त ताकदीचा अँप्लिफायर स्पीकर जाळतो, असं बहुतेकांना वाटतं. केंजळे चिडतात. "दुबळाच जाळतो! झेपत नसताना त्याला ओरडायला लावता, मग तो फाटका आवाज सोडतो. त्यात समोरचा बिचारा जळून जातो."

हे प्रवचन संपलं की ते हमखास म्हणायचे, "आमची कुठे जुळत होती पत्रिका? तरी शुभानं निभावलं." यावर दुकानाच्या वरच्याच खोलीतून शुभावहिनींचा आवाज यायचा, "अहो, चहा निवतोय!"

शुभावहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. भर दुपारी, वर स्वयंपाकघरात पडल्या. खाली केंजळे एका नवरदेवाच्या गाडीची सिस्टिम जुळवत होते. वर गेले तेव्हा उशीर झाला होता. वहिनींच्या हातात तांब्या होता आणि त्याला पोचे पडले होते. हाक ऐकू जाईना म्हणून त्या तो फरशीवर आपटत राहिल्या असणार.

तेव्हापासून केंजळ्यांना नवं खूळ लागलं. गाडीत आवाज जुळवताना दर दोन मिनिटांनी गाणं बंद करायचं, बोट वर करून सगळ्यांना गप्प करायचं आणि छताकडे कान लावून उभं राहायचं.

"काका, एक गाणं तरी पुरं होऊ द्या!"

"घरी जाऊन पुरं करा."

गिऱ्हाइकं आधी हसली, मग कंटाळली, आता वाघोलीच्या चकचकीत दुकानात जातात. या दसऱ्याला केंजळ्यांच्या दारात एकच गाडी लागली होती, तीही वळवायला.

परवा मला राहवलं नाही. जरा रागावूनच म्हणालो, "केंजळे, अशानं दुकान बंद पडेल. किती वेळा सांगू, त्या दणदणाटात कुणालाच काही ऐकू आलं नसतं. तुमचा काय दोष?"

ते स्क्रू ड्रायव्हर फडक्यानं पुसत होते. पुसून झालेला पुन्हा पुसला.

"ऐकू आलं होतं," ते म्हणाले.

मी हातातलं सीट कव्हर बाजूला ठेवलं.

"खडखड येत होती. आवाज चढवला की नंबर प्लेट खडखडते ना, तशी. मला वाटलं, तीच. गाडीमागे उकिडवा बसलो आणि प्लेटचे स्क्रू आवळले. आवळले, आणि खडखड थांबली."

मला त्यांच्याकडे बघवेना. दोन वर्षं मी त्यांची समजूत काढत होतो, त्याची लाज वाटली.

"नवरदेव म्हणाला, काका, आता कसं स्वच्छ वाजतंय!" केंजळे फडक्याची घडी घालत म्हणाले. "आणि मी, अहो, खूश झालो. आणखी एक गाणं लावलं."