सौ. कोकिळा दीपक चौधरी यांचा जाहीर…

कोकिळा उडदाची डाळ आणायला मोतीलालशेठच्या दुकानात गेली, तेव्हा शेठने डाळ मोजण्याआधीच हात पुढे केला.

"वहिनी, आज रोखच बरं का."

"मी कधी उधार नेलंय, शेठ?"

"नाही, नेलं नाही. पण दिवस काही सारखे नसतात." शेठने नजर तराजूकडे वळवली.

कोकिळाला काही उलगडेना. घरी येते तो दारात शेजारची मोहिनी उभी. तिने कोकिळाचा हात हातात घेतला आणि डोळे पुसत म्हणाली, "जिवाला लावून घेऊ नका, ताई. जिवापेक्षा पैसा मोठा नसतो." कोकिळाने विचारलं, कोण गेलं? मोहिनी म्हणाली, "अजून कोणी नाही," आणि घाईघाईने निघून गेली.

खरं तर कोकिळा त्या आठवड्यात धुळ्यातली सगळ्यात सुखी बाई होती. वरच्या खोलीच्या स्लॅबसाठी पतपेढीचं दोन लाखांचं कर्ज काढलं होतं, त्याचा साठावा आणि शेवटचा हप्ता नुकताच पाच तारखेला भरला होता. नवरा दीपक मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला, ती घरी ज्वारीचे बिबडे आणि पापड करून विकायची. पाच वर्षांत तिने नवीन साडी दोनदाच घेतली. पण हप्ता भरला की त्याच संध्याकाळी आग्रा रोडच्या गाडीवर ती, दीपक आणि सासूबाई अशा तिघांनी मटका कुल्फी खायची, हा नियम तिने कधी मोडू दिला नाही. दुसऱ्या वर्षी दीपकने हिशेब मांडून दाखवला होता, की कुल्फी बंद केली तर एक हप्ता लवकर फिटेल.

"आणि कुल्फी बंद केली तर हप्ता शिक्षा वाटेल," कोकिळा म्हणाली होती. "शिक्षा माणूस चुकवतो. खाऊन-पिऊन फेडू, पण तारखेला फेडू."

सासूबाई झुंबरबाईंनी लगेच सुनेची बाजू घेतली होती. त्यांना पिस्त्याची आवडायची.

तर डाळ भिजत घालते तोच दारात मोटारसायकल कचकन थांबली. सोनगीरहून तिचा धाकटा भाऊ भटू आला होता. डोक्याला रुमाल, डोळे लाल. आल्या आल्या त्याने शर्टाच्या आतून एक पुडकं काढलं आणि बहिणीच्या ओटीत टाकलं.

"अक्का, रडू नको. चाळीस हजार शेतस. बाकीनं देखसूत. मी जित्ता शे ना!"

"अरे, पण कशाचे?"

"नवी गाडी लेनी व्हती, त्याना. गाडी मरो. तुनं घर नही जावाले पाहिजे."

"माझं घर कुठे चाललंय?"

भटू तिच्याकडे बघतच राहिला. "अक्का, तू चौकमा गयी नही का?"

कोकिळा ओल्या हातानेच चौकात निघाली. मागे भटू, त्याच्या मागे काठी टेकत झुंबरबाई, आणि त्यांच्या मागे अर्धी गल्ली. पतपेढीसमोरच्या विजेच्या खांबावर तिचा हातभर फोटो लटकत होता. फोटोत ती कुल्फी चाटत होती. शेजारी ठसठशीत लाल अक्षरांत लिहिलं होतं:

थकबाकी
दोन लाखांचे कर्ज
सौ. कोकिळा दीपक चौधरी यांचा जाहीर

प्रत्येक ओळीचं पुढचं दिसत नव्हतं. तिथे कुणा युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फलक आडवा बांधला होता. पण पुढचं वाचायची कुणाला गरजच पडली नव्हती. पतपेढी, थकबाकी आणि जाहीर, म्हणजे शेवटी लिलावच असणार, हे सकाळपासून चौकाने ठरवून टाकलं होतं.

"लोकांचे पैसे बुडवले आणि वर कुल्फी खातेय," गर्दीतून कुणीतरी बोललं.

झुंबरबाई काठी उगारून गरकन वळल्या. "कोन बोलनं रे? मनी सूननी कोनाच पैसा बुडावा नही!"

साठ पावत्या कोकिळाने पिशवीत घालून देवघराच्या खाली ठेवल्या होत्या. त्यातली एकही एक दिवस उशिराची नव्हती. ती तडक पतपेढीत शिरली. व्यवस्थापक धनसिंगभाऊ डबा उघडून बसले होते.

"माझा लिलाव करता?"

धनसिंगभाऊंचा घास हातातच राहिला. "लिलाव? ताई, सत्कार तर उद्या आहे. वार्षिक सभेत. फलक पाहिलात वाटतं? दीपकरावांनी बजावलं होतं, घरात सांगू नका म्हणून."

तेवढ्यात दीपक धापा टाकत आला. दुकानातून त्यालाही कुणीतरी बोलावून आणलं होतं. "अहो, तुला अचानक आनंद द्यायचा होता," तो चाचरत म्हणाला. गडबडीत तो बायकोलाच अहो म्हणाला.

"मग फोटो कुल्फीचाच सापडला?"

"तुझा एकटीचा तेवढाच आहे मोबाइलमध्ये. बाकी सगळ्यांत तू पापड लाटतेय."

बाहेर भटू शिडी लावून खांबावर चढला होता. त्याने युवा नेत्याला अलगद बाजूला केलं आणि चौकातल्या माणसांनी एका सुरात वाचलं: थकबाकी एकदाही न ठेवता, दोन लाखांचे कर्ज वेळेत फेडणाऱ्या, सौ. कोकिळा दीपक चौधरी यांचा जाहीर सत्कार.

मग मोहिनीनेच आधी टाळी वाजवली. कोकिळाने बाहेर येऊन पदर नीट केला, ताठ उभी राहिली आणि स्वतःचं नाव पुन्हा एकदा, सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. मग तिने ओटीतलं पुडकं खाली उतरलेल्या भटूच्या खिशात परत कोंबलं. तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सभेत शाल मिळाली, नारळ मिळाला. घरी येऊन शालीची घडी घालते न घालते तोच दारात चपला वाजल्या. पुढे मोतीलालशेठ, मागे मोहिनीचा नवरा, त्याच्या मागे गल्लीतले आणखी चौघे. प्रत्येकाच्या हातात पतपेढीचा कोरा अर्ज होता.

"वहिनी," शेठ लोण्यासारखे मऊ झाले होते, "दुकान वाढवायचंय. जामीनदार म्हणून तुमची सही असली, की धनसिंगभाऊ डोळे मिटून कर्ज देतील."

कोकिळाला हसूही येईना आणि नाहीही म्हणवेना. तेवढ्यात झुंबरबाईंनी आपली खाट सरकवून दारात आडवी लावली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या.

"मनी सूननी सही महाग शे, भाऊ," त्या म्हणाल्या. "चा फुकट शे. पी अन् जाय."