साठ घरं, पाणी मुबलक

चंद्रभान जेवायला बसला की साऱ्या जगाची काळजी करायचा, पण वाढणाऱ्या माणसाकडं मान वर करून बघायचा नाही. पोटच्या पोराची ही खोड इंदूबाईंना मुळीच पसंत नव्हती. पण पोरगा पडला कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारा! बारा देशांचे प्रोफेसर मिळून पाणीटंचाईचा अभ्यास करत होते, त्यात नागपूर याच्या वाट्याला.

"माय, टंचाई कागदावर आली की वस्तीत नळ आलाच! लिहून घे!"

"मले लिहिता येत असतं तर तुले कशाले शिकवलं असतं?"

वस्तीतल्या साठ घरांत जाऊन विचारायचं होतं. परक्या पुरुषाला बाया उत्तरं देत नाहीत, म्हणून नवं लुगडं नेसून इंदूबाई पुढं. नळ आपल्याच दारासमोर बसवायचा, हेही त्यांनी ठरवून टाकलं!

पहिलं घर कांताबाईचं. रोज पहाटे इंदूबाईंसोबत रेल्वेलाइन ओलांडून डोक्यावर पाण्याचा पितळी गुंड आणणारी ही बाई कागद बघताच महाराणीसारखी बसली.

"पाणी? सांडून राहिलं भाऊ!"

"काहून खोटं बोलून राहिली वं?" इंदूबाईंनी चिमटा काढला.

"चूप वं! पोराले पोरगी पाहून राहिलो. बिनपाण्याच्या घरी कोण देते?"

आणि लग्नाचं पोर कुणाच्या घरी नव्हतं? दारोदार तेच. एकीनं तर पुरावा म्हणून भरला गुंड चंद्रभानच्या पायांवर ओतला. उद्यापर्यंतचं पाणी ते!

"अरे, सारं खोटं हाये!" इंदूबाई ओरडल्या.

"माय, शास्त्रात आपलं मत घालत नसतात."

चार महिन्यांनी नळ पलीकडच्या बंगल्यांच्या लेआऊटात गेला आणि चंद्रभानच्या घरी बारा देशांचं जाड पुस्तक आलं. इंदूबाई डोक्यावरचा गुंड उतरवत होत्या, तेव्हा चंद्रभान कौतुकानं वाचत होता. स्वीडनवाल्यांनी आकडे मांडले. ब्राझीलचे प्रोफेसर महिनाभर बायांसोबत पाण्याच्या रांगेत उभे राहिले.

"अन् नागपूर! साठपैकी साठ घरं, मुबलक!"

"साठ? आपलं धरून? मले तर तू विचारलंच नाही."

"तुले काय विचारायचं? आपल्या घरी पाणी कधी कमी पडलं?"

इंदूबाईंनी डोक्यावरची ओली चुंबळ त्या पुस्तकावर ठेवली. मान वळत नव्हती, तरी वळवली.

"तो ब्राझीलवाला परक्या बायांसंगं रांगेत उभा राहिला. तू मायच्या मागंबी नाही आला. तू शिकला नाही गा चंद्रभान, नुसता पास झाला!"