ताडपत्रीखालची सुट्टी

शुक्रवारी फोन बंद ठेवायचा, असं वेन पॅस्कोनं गुरुवारी जेवताना ठरवलं. खरं म्हणजे ठरवलं त्याच्या बायकोनं, त्यानं नुसती मान हलवली. (लग्नाला सव्वीस वर्षं झाली की ठरवणं म्हणजे हेच.)

वेन आमच्या वॉलरूतला, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका बंदराच्या गावातला, इलेक्ट्रिशियन. मोठ्या कंपन्यांतल्या इलेक्ट्रिशियन लोकांचं बरं असतं. पंधरवड्यातून एक हक्काची सुट्टी, दुपारी साडेतीनला काम बंद, आणि पाच मिनिटं जास्त राबवलं तर युनियन मालकाच्या डोक्यावर बसते. वेन मात्र स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर. त्यातला नोकर बिचारा गरीब होता आणि मालक पक्का खडूस. सकाळी सहाला त्याची गाडी निघायची ती संध्याकाळी सात-साडेसातला परत यायची. त्यातही जेवताना फोन वाजला की हा तोंडातल्या घासासकट "आलोच" म्हणायचा. आपण एक दिवस घरी बसलो तर वॉलरू अंधारात बुडेल, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

त्याच्या बायकोनं, लिॲननं, आजवर बरंच पोटात घातलं होतं. मुलीच्या लग्नात केक कापला तेव्हा नवरीचा बाप हॉलच्या फ्यूज बॉक्समध्ये डोकं खुपसून उभा होता. फोटोत त्याची नुसती पाठ आलीय. पण या बुधवारी, लग्नाच्या वाढदिवसाला, लिॲन बंदरावरच्या हॉटेलात माशाचं ताट समोर घेऊन दीड तास एकटी बसली. वेन कुणाच्या तरी कोंबड्यांच्या शेडमधला पंखा दुरुस्त करून आला, केसांत पिसं घेऊन. तेव्हा मात्र तिचं टाळकं सटकलं.

"शुक्रवार माझा," गुरुवारी जेवताना ती म्हणाली. "सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. फोन बंद, हत्याराला हात नाही. जमलं नाही तर शनिवारी मी शेरॉनकडे ॲडलेडला चालले."

"किती दिवस?"

"मला काय ठाऊक! शेरॉनकडे जागा भरपूर आहे."

शेरॉन ही लिॲनची बहीण. तिनं तीन वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडलं होतं, आणि त्याचे फायदे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. लिॲनशिवायचं घर वेननं क्षणभर डोळ्यांसमोर आणून बघितलं आणि त्याला खरोखरच भीती वाटली.

म्हणून शुक्रवारी सहाच्या ठोक्याला त्यानं फोन बंद करून खणात टाकला. मग त्याच्या लक्षात आलं की खरी फितूर तर दारात उभी आहे. गाडीच्या दोन्ही अंगांना हातभर अक्षरांत त्याचं नाव होतं आणि खाली "चोवीस तास सेवा". गाडी दिसली की कुणीही दार वाजवणार. वेननं होडीवरची पांढरी ताडपत्री ओढून आणली, गाडी चाकांपर्यंत झाकली, वर घराचे सगळे पडदे लावले आणि आपल्या अकलेवर खूश होऊन दोन टोस्ट जास्त खाल्ले.

समोरच्या घरात एक्क्याऐंशी वर्षांच्या बेरिल पेनरोझबाई राहतात. वेनची गाडी सुरू झाली की चहाचं आधण ठेवायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी सात वाजले तरी गाडीचा आवाज नाही. बाईंनी खिडकीतून बघितलं तर घराचे पडदे ओढलेले, आणि दारात गाडी पांढऱ्या कापडाखाली आडवी! त्या बिनचहाच्याच बेकरीत गेल्या. "वेनचं काहीतरी झालंय" एवढंच त्या म्हणाल्या. पावाच्या पिशव्यांबरोबर ते वाक्य घरोघर पोचेपर्यंत वेनला शॉक लागला होता, आणि आठच्या सुमाराला तो गेला.

आमच्याकडे कुणी गेलं की शेजारपाजार फुलं आणत बसत नाही, जेवण आणतो. नऊ वाजता पहिली थाप पडली. लिॲननं दार उघडलं तर बेरिलबाई, डोळ्यांत पाणी आणि हातात लझान्याचं भलंमोठं भांडं.

"धीर धर, पोरी."

"कसला धीर?"

"फार त्रास झाला का गं त्याला?"

"त्याला कसला त्रास? मला झाला, सव्वीस वर्षं!"

"असं बोलू नये गं. माणूस चांगला होता."

"होता काय? आत टोस्ट खातोय!"

बेरिलबाईंनी तिचा हात थोपटला. "असं वाटतं हो सुरुवातीला. माझा हॅरोल्ड गेला तेव्हा मीही महिनाभर दोन कप मांडायची."

इतक्यात अर्ध्या चड्डीतला वेन, गालाला जॅम लागलेला, "कोण आहे गं?" करत बाहेर आला. बाईंनी किंकाळी फोडली. लिॲननं भांडं वरच्या वर झेललं म्हणून बरं. बाई जराशा सावरल्या आणि त्यांनी वेनकडे नीट निरखून बघितलं.

"बरं झालं बाई, जिवंत आहेस. मग माझ्या न्हाणीघरातला पंखा बघून दे."

वेनचा उजवा हात आपोआप खिशातल्या पक्कडीकडे गेला. खिसा रिकामा होता, आणि लिॲन घसा खाकरत होती.

"आज सुट्टी आहे, बेरिल."

"सुट्टी? तुला?" मेलेला माणूस समोर आला तेव्हासुद्धा बाईंचा चेहरा इतका पडला नव्हता.

माणूस मेल्याची बातमी वाऱ्यासारखी पसरते. जिवंत असल्याची सांगायला कुणी पायात चप्पल घालत नाही. दुपारपर्यंत स्वयंपाकघराच्या ओट्यावर लझान्याची तीन भांडी, कोकराच्या रश्शाची दोन पातेली आणि एक भोपळ्याचं सूप जमा झालं होतं. प्रत्येक जण आधी दचकला, मग "आता आहेसच तर" म्हणून आपापलं बिघडलेलं यंत्र सांगून गेला. वेन दोन्ही हात मांड्यांखाली दाबून सोफ्यावर बसून राहिला.

बाराला कोस्टा आला. कोस्टा म्हणजे गावातला दुसरा इलेक्ट्रिशियन, ज्याचं नाव वेन शिवी दिल्यासारखं घेई. टोपी छातीशी धरून तो दारात उभा राहिला.

"फार वाईट झालं, लिॲन. काही काळजी करू नकोस. सकाळपासून त्याची अकरा गिऱ्हाइकं माझ्याकडे आली, एकालाही नाही म्हटलं नाही. त्याच्या आत्म्याला तेवढीच शांती."

"अकरा?" आतून आत्मा ओरडला.

कोस्टा पांढराफटक पडला. मग म्हणाला, "अरे, आहेस होय तू?" आवाजात आनंद होता, पण अकरा गिऱ्हाइकांनी कमी.

"त्या कोंबड्यांच्या शेडला गेला होतास?"

"पहिलंच काम ते. कुणीतरी पंखा उलटा बसवला होता."

वेननं विषय तिथंच सोडला. पण लिॲनला एकदम काहीतरी सुचलं. एवढं जेवण गरम कशात करायचं? घरचा ओव्हन दीड वर्ष बंद होता. "बघतोस का जरा, कोस्टा?"

"माझ्या घरात? हा?" वेन उठलाच.

"तुला हत्याराला हात लावायचा नाहीये. सहा वाजेपर्यंत."

वेन खाली बसला. कोस्टानं ओव्हन पुढं ओढला, मागचं झाकण काढलं आणि जीभ टाळूला लावून च्‌ च्‌ केलं. जगातला प्रत्येक इलेक्ट्रिशियन दुसऱ्याचं काम उघडल्यावर हेच करतो. वेननं आयुष्यभर केलं होतं, फक्त ते ऐकायची पाळी कधी आली नव्हती.

"हे वायरिंग कुणी केलंय रे?"

"आधीच्या मालकानं," वेन म्हणाला. (घर त्यानं स्वतः बांधलं होतं.)

दहा मिनिटांत ओव्हनचा लाल दिवा लागला. कोस्टा एक लझान्या बगलेत मारून गेला. दार बंद झालं आणि लिॲन ओट्याला टेकून हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ती अशी हसते हे वेन साफ विसरून गेला होता, आणि विसरल्याची त्याला मनापासून लाज वाटली. मग तोही हसला. दोघांनी मागच्या अंगणात बसून स्वतःच्या तेराव्याचं जेवण पोटभर जेवून घेतलं, आणि दुपारभर गप्पा मारल्या. फोन नसला की दुपार एवढी लांब असते, हे त्याला माहीतच नव्हतं.

सहा वाजले. लिॲननं स्वतःहून शेरॉनला कळवलं की उद्या येत नाही. मग खण उघडून फोन वेनच्या हातात दिला.

"घे. पास झालास."

"किमान पन्नास कॉल असतील बघ," वेन म्हणाला. "लोकांचे हाल झाले असतील."

फोन सुरू झाला. वेननं बघितलं, चष्मा लावून परत बघितलं. दिवसभरात एकच कॉल येऊन गेला होता, सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी. लिॲनचा.

"तू कशाला केलास?"

"खरंच बंद केलायस का, ते बघत होते."

"आणि दुसरं कुणीच नाही? अख्ख्या वॉलरूतून?"

लिॲननं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मेलेल्या माणसाला फोन कोण करतं, वेन? त्यांनी सरळ कोस्टाला केला."